खिडकीचा कोपरा मोकळा हवा

पेठ वडगावचा जनावरांचा बाजार सोमवारी भरतो. थंडीच्या दिवसांत सकाळी सातला तिथे गेलं की दावणीच्या बैलांच्या नाकातून वाफा निघताना दिसतात. सौदा मात्र ऐकू येत नाही. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटांनी भाव सांगतात. मान हलते किंवा हात झटकला जातो, बाहेरच्याला दिसतं ते एवढंच. त्या टॉवेलाचा फोटो मला कित्येक वर्षं हवा होता. एका सोमवारी सगळं जमून आलं. दोघं दोन मीटरवर उभे, परवानगी आधीच विचारलेली, उजेड बाजूने येणारा. कॅमेरा डोळ्याला लावला आणि खिडकीत खाली उजवीकडे लेन्सचं काळं तोंड आडवं आलं. टॉवेल नेमका त्याच्या मागे. अंदाजाने बटण दाबलं. रोल धुऊन आला तेव्हा फोटोत टॉवेल होता, पण हात सुटलेले होते. बटण दाबताना ते मला दिसलंच नव्हतं.

ती लेन्स ५० एमएमची, एफ/१.२ होती. पैसे साठवून घेतलेली, जाडजूड आणि काचेने उत्तम. माझ्या कॅमेऱ्याला मात्र ती शोभणारी नव्हती. हे समजायला मला दोन वर्षं आणि बरेच रोल लागले. वडील-काकांच्या कपाटातला जुना रेंजफाइंडर हातात घेऊन त्याला लेन्स शोधणारी तरुण मुलं हल्ली भेटतात. त्यांची दोन वर्षं वाचावीत, म्हणून हे लिहितो आहे.

आधी कॅमेऱ्याचा स्वभाव पाहू. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, कारण आत आरसा असतो. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. बोट नाकाजवळ आणलं की आपले दोन्ही डोळे आत वळतात आणि त्या वळण्यावरून मेंदूला अंतर कळतं. इथेही तेच तत्त्व आहे. दुसऱ्या खिडकीतलं चित्र आरशाने पहिल्या खिडकीत आणलेलं असतं, म्हणून मधोमध एका लहान ठिपक्यात बैलाचं शिंग दोनदा दिसतं. लेन्स फिरवली की आतली दांडी त्या आरशाला ढकलते आणि दोन शिंगांचं एक होतं. एक झालं की फोकस लागला. अंधारातसुद्धा हे पटकन जमतं आणि फोटो निघत असताना खिडकी काळी होत नाही. हाताची पकड सुटण्याचा तो क्षण डोळ्यांसमोरच घडतो.

हे सगळं त्या खिडकीच्या जोरावर. ती खिडकी वरच्या डाव्या कोपऱ्यात असल्यामुळे लांब किंवा रुंद लेन्स तिच्यात खाली उजवीकडे घुसते. हूड लावलं तर आणखी घुसते. म्हणून रेंजफाइंडरला लेन्स लहान हवी. सोयीचा किंवा वजनाचा प्रश्न नंतरचा. आधी तो दिसण्याचा प्रश्न आहे. कोपरा झाकला की हा कॅमेरा घेण्यातला निम्मा अर्थ गेला.

लेन्स लहान करणं या कॅमेऱ्यात शक्यही आहे. एसएलआरमध्ये आरसा हलायला जागा लागते, त्यामुळे लेन्सचं बूड फिल्मपासून दूर ठेवावं लागतं. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. तिथे ३५ एमएमची लेन्स बसवायची तर जास्तीच्या काचा घालून तिला मागे सरकवावं लागतं आणि ती फुगते. रेंजफाइंडरला आरसाच नाही. लायकाच्या जुन्या स्क्रू माउंटमध्ये हे अंतर २८.८ मिलिमीटर, तर १९५४ साली एम३ बरोबर आलेल्या एम माउंटमध्ये २७.८. काच फिल्मच्या जवळ जाऊ शकते, म्हणून ती थोडक्यात आटोपते. १९२५ साली लायका बाजारात आला तो कोटाच्या खिशात मावणारा म्हणूनच. पुढे त्यावर गाजलेली ५० एमएम एफ/३.५ ची एल्मार ही चारच काचांची लेन्स. काम झालं की नळी आत ढकलून ठेवायची. छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींना भेटला, त्यानंतर काही वेळातच गांधीजींची हत्या झाली. त्या दिवसांतले त्याचे फोटो जगभर गेले. जवळ लहानसा लायका आणि बहुतेक वेळा एकच ५० एमएमची लेन्स, एवढ्यावर त्याने आयुष्यभराचं काम केलं.

आता निवडीकडे येऊ. पहिला प्रश्न लेन्सला विचारू नका, आपल्या खिडकीला विचारा. झोर्की-४ च्या खिडकीत फक्त ५० एमएमचं दृश्य दिसतं. त्यावर ३५ ची लेन्स लावली तर वरून वेगळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागतो आणि तो लेन्सइतकाच महाग पडू शकतो. लायका एम३ च्या खिडकीत ५०, ९० आणि १३५ चं दृश्य दाखवणाऱ्या चौकटी आहेत, ३५ ची नाही. नंतरच्या बहुतेक एम कॅमेऱ्यांत ३५ ची चौकट मिळते. माझा कॅमेरा २००० साली निघालेला बेसा-आर. तो स्क्रू माउंटचा असून त्यात ३५, ५०, ७५ आणि ९० च्या चौकटी आहेत. ज्या खिडकीत फक्त ५० आहे, तिच्या मालकाने मुकाट्याने ५० घ्यावी. ज्याला निवड आहे, त्याला मी ३५ घ्यायला सांगेन.

त्याचं कारण हिशेबाने सांगतो. ३५ ची लेन्स एफ/८ वर ठेवून अंतराची रिंग ३ मीटरवर लावली की साधारण १.९ मीटरपासून ७.२ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ५० च्या लेन्सला त्याच आकड्यांवर २.३ ते ४.२ मीटर एवढाच पट्टा मिळतो. बाजारात पाच मीटरची मोकळीक आणि दोन मीटरची मोकळीक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हैस वळते, पोरगं मध्येच धावतं, दलाल हात उंचावून हाक मारतो. फोकस आधीच लावून ठेवला असेल तर आपण फक्त बघायचं आणि दाबायचं. शिवाय बाजारात मागे सरकायला जागा नसते. मागे कुणाची तरी दावण असतेच.

लेन्सचं तोंड किती मोठं असावं, यावर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुकतात. उन्हाचा हिशेब सोपा आहे. ४०० च्या फिल्मवर कडक उन्हात १/५०० ला एफ/१६ लागतं. जुन्या कॅमेऱ्यांचं शटर १/५०० किंवा १/१००० लाच थांबतं, म्हणजे दुपारच्या वडगावात एफ/१.२ चं तोंड उघडताच येत नाही. सकाळी कडुनिंबाखालच्या सावलीत एफ/२.८ ला १/१२५ आरामात मिळतो. अडचण येते ती रात्री. यात्रेत पिवळ्या बल्बांच्या उजेडात एफ/२ ला १/३० वर यावं लागतं. आरसा आदळत नसल्यामुळे श्वास रोखून धरला तर १/३० हातात निभतो. एफ/२ मधून एफ/३.५ च्या तिप्पट उजेड येतो, हा फरक खरा आहे. एफ/२ आणि एफ/२.५ यांतला फरक मात्र एका स्टॉपपेक्षाही कमी. तेव्हा एफ/२ ते एफ/२.८ हा शहाणपणाचा पट्टा. दिवसाच फोटो काढत असाल तर एफ/३.५ सुद्धा पुरते, आणि सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त लेन्स तिथेच सापडतात.

मोठ्या तोंडाची आणखी एक अडचण कॅमेऱ्याच्या आतली आहे. दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले खिडकीतून वस्तू किती मोठी दिसते तो आकडा, यावर फोकसची अचूकता ठरते. लायका एम६ मध्ये ६९.२५ मिलिमीटर गुणिले ०.७२, म्हणजे जवळपास ५० मिलिमीटर. १९७३ साली मिनोल्टाच्या सहकार्याने निघालेल्या लहानशा लायका सीएलमध्ये ३१.५ गुणिले ०.६, म्हणजे जेमतेम १९. म्हणूनच सीएलबरोबर ४० एमएमची एफ/२ लेन्स दिली होती, कॅमेऱ्याइतकीच आटोपशीर. कॅमेऱ्याची नजर जेवढी तीक्ष्ण, तेवढंच लेन्सचं तोंड मोठं असावं. ५० एमएमला एफ/२ वर एक मीटरवर जेमतेम पाच सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, एफ/१.२ ला त्याहून कमी. बैलाचा डोळा स्पष्ट आणि वेसण पुसट, असा फोटो हवा असेल तर ठीक.

स्वस्तात सगळ्यात आधी नाव येतं ते रशियन लेन्सचं. माझे एक मामा नाशिकजवळच्या ओझरला मिग विमानांच्या कारखान्यात होते. ट्रेनिंगला रशियात जाऊन आले तेव्हा त्यांनी झोर्की-४ आणि त्यावरची ज्युपिटर-८ आणली. ती आज माझ्याकडे आहे. या लेन्सचा वंश मोठा आहे. लुडविग बेर्टेलेने झाइससाठी आखलेली ५० एमएम एफ/२ ची सोनार १९३२ च्या कॉन्टॅक्सवर आली. युद्धानंतर झाइसची यंत्रसामग्री आणि ज्ञान रशियात गेलं आणि सोनारची ज्युपिटर-८ झाली. सहा काचा, पण तीनच गटांत चिकटवलेल्या. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून चार-पाच टक्के उजेड परत फिरतो, म्हणून लेप देण्याची विद्या पक्की होण्याआधी कमी पृष्ठभागांची लेन्स म्हणजे जास्त चमकदार फोटो. ज्युपिटरवर निळसर लेपही आहे. त्या काळच्या रशियन लेन्सवर तांबड्या रंगात त्यांचं 'प' हे अक्षर दिसतं, मांडवाच्या दोन खांबांवर आडवं लाकूड टाकल्यासारखं. ते या लेपाचं चिन्ह.

याहून लहान हवी असेल तर इंडस्टार-२२. ५० एमएम, एफ/३.५, नळी आत ढकलता येणारी, दिसायला थेट एल्मारची बहीण. तिचा वंश फेड कॅमेऱ्याच्या लेन्सपासूनचा, पुढे ती झोर्कीवर आली. या फेडची कथा मला फार जवळची वाटते. खारकोव्हमध्ये अंतोन मकारेंकोच्या देखरेखीखाली रस्त्यावरच्या अनाथ मुलांची एक श्रम-वसाहत होती. त्या मुलांनी १९३४ पासून लायकाच्या धर्तीवर कॅमेरे बनवले. वसाहतीला फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्कीचं नाव होतं. त्या तीन शब्दांची आद्याक्षरं म्हणजे फेड. इंडस्टार-२२ वापरताना एकच काळजी घ्यायची: नळी पूर्ण बाहेर ओढून फिरवून अडकवली नाही तर अख्खा रोल पुसट येतो. आणि काही कॅमेऱ्यांत ती आत ढकलणं धोक्याचं असतं, मागचं तोंड आतल्या भागाला लागतं. तीच भीती ३५ एमएमच्या ज्युपिटर-१२ ची. तिची मागची काच गोट्यासारखी फुगून आत शिरते. तुमच्या कॅमेऱ्यात ती बसते का, हे घेण्यापूर्वी नक्की करा.

ज्युपिटर-८ बद्दल एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. लायका आणि जपानी कॅमेऱ्यांचा रेंजफाइंडर ५१.६ मिलिमीटरची लेन्स गृहीत धरून जुळवलेला असतो. सोनारच्या वंशातल्या लेन्स ५२.४ च्या मापाने जातात. दूरच्या वस्तूला दोन्ही सारख्याच लागतात. जवळ आणि तोंड पूर्ण उघडं असताना मात्र घोळ होतो. मामांची लेन्स त्यांच्या झोर्कीवर अचूक आहे. तीच माझ्या बेसावर लावून एक मीटरवर एफ/२ ला फोटो काढला की डोळ्याऐवजी दुसरंच काही स्पष्ट येतं. एफ/५.६ वर हा फरक झाकला जातो. तेव्हा रशियन कॅमेरा असेल तर ज्युपिटर-८ डोळे झाकून घ्या. लायका किंवा बेसा असेल तर इंडस्टार-२२ बरी, कारण तिच्या बारीक तोंडाला चूक सांभाळून घेता येते.

थोडे जास्त पैसे असतील तर माझं मत ठाम आहे: व्हॉइग्टलेंडर कलर-स्कोपार ३५ एमएम एफ/२.५. नाव १७५६ साली व्हिएन्नात स्थापन झालेल्या घराण्याचं, पण १९९९ पासून या नावाच्या लेन्स बनवते जपानची कोसिना. एम माउंटच्या आवृत्तीचं वजन १३४ ग्रॅम आणि लांबी २३ मिलिमीटर. शर्टाच्या खिशात ठेवली तर खिसा लोंबत नाही. खिडकीत ती जवळजवळ दिसतच नाही, सत्तर सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि नव्या लायका ३५ पेक्षा कितीतरी स्वस्तात मिळते. स्क्रू माउंटची आवृत्ती आता जुन्या बाजारातच शोधावी लागते. मी तीच शोधून घेतली. कॅननच्या जुन्या स्क्रू माउंटच्या ३५ एमएम लेन्सही सुंदर आणि चिमुकल्या आहेत. त्या काळच्या काही कॅनन लेन्समध्ये अ‍ॅपर्चरलगतच्या काचेवर धुरकट थर बसलेला सापडतो, तेवढं बघून घ्या. चीनमधल्या शेन्झेनहून हल्ली सेव्हन आर्टिसन्स आणि टीटीआर्टिसनच्या एम माउंटच्या लेन्स येतात. किमतीला हलक्या आणि काच चांगली, पण त्यांतल्या गाजलेल्या लेन्स मोठ्या तोंडाच्या आहेत. ५० एमएम एफ/१.१ चं वजन जवळजवळ चारशे ग्रॅम. माझ्या टॉवेलाच्या फोटोचं जे झालं तेच तिथेही होईल.

स्क्रू माउंटची लेन्स एम कॅमेऱ्यावर बसवायला एक मिलिमीटर जाडीची रिंग लागते. ती कितीला मिळते यापेक्षा नेमकी किती जाड आहे हे महत्त्वाचं. एफ/२ ला फिल्मपाशी सगळी मोकळीक साठ मायक्रॉन इकडे-तिकडे एवढीच असते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कुणालाही हा आकडा सांगा, तो लगेच मायक्रोमीटर काढेल. स्वस्त रिंग घेतली तर तिची जाडी चारही बाजूंनी मोजून घ्या. आणि रिंग लेन्सच्या एमएमप्रमाणे घ्यायची असते, कारण खिडकीत कुठली चौकट उमटायची हे तीच ठरवते. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्या गावाच्या आसपास राहणाऱ्याने एका रिंगेसाठी अडून बसू नये.

जुनी लेन्स तपासायची कशी, हे बाजारात शिकावं. बैल घेणारा आधी त्याचा जबडा उघडतो. आदत आहे की दोनदाती, सहादाती की जुळलेला, हे दातांवरून कळतं. मग खूर, मग वशिंडावरून हात, मग थोडं चालवून बघणं. रशियन लेन्सचे दात म्हणजे तिच्या नंबरातले पहिले दोन आकडे. बहुतेकदा तेच तिचं जन्मवर्ष असतं. त्यानंतर मोबाइलची बॅटरी लावून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, लेन्स तिरकी धरून मागच्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. दुधासारखा पातळ पडदा दिसला तर धुरकटपणा. तो पुसण्यासारखा असेल तर ठीक, काचेत उतरला असेल तर नाही. थोडे धुळीचे कण आणि काठावरचा एखादा ओरखडा यांनी फोटोला काही होत नाही. त्यांच्यामुळे भाव उतरत असेल तर उतरू द्या आणि घ्या. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल पसरलंय का बघा. फोकसची रिंग जड आहे म्हणजे आतलं ग्रीस वाळलंय, ते बदलता येतं. रिंग खडखडत असेल तर मात्र मागे फिरा.

बुरशी हे आपल्या भागाचं खास दुखणं. जून ते सप्टेंबर पंचगंगा-वारणेच्या खोऱ्यातली हवा ओली असते आणि बुरशीला अंधार, ओल आणि थोडी धूळ एवढंच लागतं. तिचं आम्ल लेप खातं आणि पुढे काचही खातं. तंतू पुसले तरी डाग राहतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे कॅमेऱ्याचं मूळचं कातडी कव्हर. कातडं ओल शोषतं आणि धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की त्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरायच्या, एवढं पुरतं. तांदळात ठेवू नका, त्याची पूड आत शिरते. आणि लेन्स वापरा. रोज उजेड-वारा लागलेल्या लेन्सला बुरशी क्वचितच धरते.

लेन्स घरी आली की पहिला रोल तिच्या परीक्षेसाठीच ठेवा. टेबलावर पाच काडेपेट्या तिरक्या ओळीत, प्रत्येक आधीच्यापेक्षा पाच सेंटिमीटर मागे, अशा मांडा. एक मीटरवरून मधल्या पेटीवर फोकस लावा, तोंड पूर्ण उघडा आणि फोटो काढा. मधलीच पेटी स्पष्ट आली तर लेन्स आणि कॅमेरा जुळले. शेजारची आली तर कुठे किती चुकतं हे एकदा कळलं, मग तेवढं सांभाळून घेता येतं. वाचलेले पैसे दुसऱ्या लेन्सवर घालवू नका, रोलवर घाला. चौकट डोळ्यांत बसायला एकाच लेन्सवर निदान वीस रोल तरी लागतात, असा माझा अनुभव आहे.

टॉवेलाचा फोटो मला पुढच्या हिवाळ्यात मिळाला, कलर-स्कोपारवर, एफ/५.६, अडीच मीटरवरून. टॉवेलाच्या कडेने एक अंगठा बाहेर आलेला आहे.

तुमच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर एखादा झोर्की, फेड किंवा लायका कातडी कव्हरात पडलेला असेल, तर तो पावसाळ्याआधी बाहेर काढा आणि त्याच्या लेन्समधून एकदा बॅटरी लावून बघा. बुरशी नसेल तर दुसरी लेन्स शोधायची गरजच नाही.